‘तू मला कमी पडतेस’: एका फ्रेंच क्रियापदाची उकल

वाचकांचे पत्र (थोडक्यात):

‘माझी मुलगी लग्नानंतर फ्रान्समधील ल्यों शहरात राहते. जावई फ्रेंच आहेत. नात साडेचार वर्षांची असून तिचे मराठी “आजी, ये ना” आणि “अजून एक लाडू” यांच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. तिच्याशी मोकळेपणी बोलता यावे म्हणून वयाच्या ६१व्या वर्षी मी फ्रेंच शिकायला घेतले. गेल्या महिन्यात तिला आवाजी निरोप पाठवताना मी “ज त मांक बोकू” असे म्हणाले. मला तुझी फार आठवण येते, असे मला म्हणायचे होते. दुसऱ्या दिवशी जावयांनी हसत हसत सांगितले की, मी नातीला “तुला माझी फार आठवण येते” असे जणू बजावूनच सांगितले होते. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणतात की हे क्रियापद उलटे चालते, एवढे पाठ करून टाका. शब्दकोश उघडला तर त्याच क्रियापदापुढे गाडी चुकणे, कमी असणे, शब्द न पाळणे आणि पडता पडता वाचणे असे अर्थ दिलेले. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे, ते ओळखायचे कसे आणि हे उलटे का, हे कृपया सांगावे.’
— एक आजी, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बाईंचा अनादर न करता सांगतो, ‘मांके’ (तुमच्या निरोपातल्या ‘मांक’चे मूळ रूप) हे क्रियापद उलटे चालत नाही. तुम्ही त्याच्याकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहिले, म्हणून ते उलटे दिसले. आपल्याकडे घरोघरी ‘मी तुला मिस करते’ हे वाक्य इतके रुळले आहे की, फ्रेंच वाक्य जुळवताना तेच तुमच्या कानात होते. ‘मी’च्या जागी ‘ज’, ‘तुला’च्या जागी ‘त’ आणि ‘मिस करते’च्या जागी ‘मांक’ घातले की तुमचे वाक्य जसेच्या तसे तयार होते. चूक फ्रेंचमध्ये झाली खरी, पण तिचे मूळ त्या उसन्या मराठी वाक्यात आहे. (या उत्तरात फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत. ‘मांके’मधील अनुस्वार नाकातून म्हणायचा असून त्यात स्वतंत्र ‘न’ किंवा ‘ङ’ ऐकू येऊ द्यायचा नाही.)

आता ती खिडकी बंद करून आपल्या दारातून पाहू. आठवण, भूक, झोप, राग, कंटाळा यांबद्दल बोलताना मराठी माणूस स्वतःला कर्त्याच्या खुर्चीत बसवत नाही. मला भूक लागते, मला झोप येते, मला तुझी उणीव भासते, असे आपण म्हणतो. ज्याला काही वाटते तो ‘ला’ लावून बाजूला उभा राहतो आणि जे वाटते ते कर्त्याच्या जागी येते. ‘मांके’ अगदी असेच वागते. त्याचा अर्थ ‘आठवण काढणे’ असा नसून ‘कमी असणे, उणे पडणे’ असा आहे. जो माणूस जवळ नाही तो कर्ता, आणि ज्याला त्याची उणीव जाणवते त्याला ‘ला’. म्हणून तुमचे वाक्य हवे होते ते असे: ‘त्यू म मांक.’ शब्दाला शब्द ठेवून पाहा: त्यू म्हणजे तू, म म्हणजे मला, मांक म्हणजे कमी पडतेस. शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच आहे. फ्रेंच ‘त्यू’ आणि मराठी ‘तू’ हे दूरचे भाऊबंद आहेत, हे कळल्यावर तर वाक्य आणखीच घरचे वाटते. ‘तू मला कमी पडतेस’ हे मराठीत कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तर नातीच्या अंगी काही कमतरता आहे असा भलताच अर्थ निघेल. तरीही बांधकामाला परांची लावतात तसे हे वाक्य काही दिवस मनात उभे ठेवा आणि भिंत पक्की झाली की काढून टाका.

येथे एक सापळा मराठीचाही आहे. आपण ‘आठवण येते’ म्हणतो, त्यामुळे शब्दकोशात ‘आठवण’ शोधून ‘ज म सुव्हियां द त्वा’ असे वाक्य जुळवण्याचा मोह होतो. व्याकरणदृष्ट्या ते शुद्ध आहे. परंतु त्याचा अर्थ ‘तू माझ्या स्मरणात आहेस, मी तुला विसरलेले नाही’ असा होतो. ४० वर्षांपूर्वीच्या वर्गमैत्रिणीला ते शोभेल, कालच व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या नातीला नाही. ‘ज पांस आ त्वा’, म्हणजे मनात तुझा विचार चालू आहे, हे वाक्य प्रेमळ आहे आणि निरोपाच्या शेवटी खुशाल वापरावे. मात्र त्यात उणिवेची कळ नाही. ती कळ ‘मांके’मध्येच आहे. कवी लामार्तीन यांची १८२० साली प्रसिद्ध झालेली एक ओळ फ्रान्समध्ये म्हणीसारखी वापरली जाते: ‘अं सल एत्र वू मांक, ए तू ए देपप्ले.’ एकच जीव जवळ नसतो आणि सगळे जग ओस पडते, असा तिचा भाव. त्या ओळीतही जो नाही तो ‘एकच जीव’ कर्ता आहे आणि ज्याचे जग ओस पडले त्याच्या वाट्याला ‘ला’ आलेला आहे.

तुमच्या रोजच्या उपयोगाची काही वाक्ये याच साच्यातून निघतात. मुलगी, जावई आणि नात या सगळ्यांना मिळून म्हणायचे असेल तर ‘वू म मांके तूस’, म्हणजे तुम्हा सर्वांची मला उणीव भासते. येथे शेवटच्या शब्दातला ‘स’ उच्चारायचा आहे. मुलीला नाशिकची आठवण येते, हे नातीला सांगायचे तर ‘नाशिक मांक आ मामां’, म्हणजे आईला नाशिकची आठवण येते. ज्याला उणीव जाणवते तो सर्वनाम नसून नाम असेल, तर त्याच्या आधी ‘आ’ हे अव्यय येते. ते म्हणजे आपल्या ‘ला’चेच काम करणारे, फक्त नामाच्या पुढे चालणारे. तुम्हाला स्वतःबद्दल आजीच्या नात्याने बोलायचे असेल तर ‘त्यू मांक आ मामी’ म्हणा. दचकू नका, फ्रेंच मुले आजीला ‘मामी’च म्हणतात. तुमच्या घरात खरी मामी असेल तर नातीला दोघींमधला फरक एकदा समजावून सांगावा लागेल, एवढेच.

लिहिताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, त्याच्या शेजारी बसलेल्या सर्वनामाप्रमाणे नाही. ‘त्यू म मांक’मध्ये कर्ता ‘त्यू’ असल्यामुळे क्रियापदाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर येते, जरी ते उच्चारात येत नाही. मधला ‘म’ क्रियापदाला चिकटून असल्याने हात आपोआप ‘मी’चे रूप लिहून मोकळा होतो. हा ‘एस’ गाळणारे लोक खुद्द फ्रान्समध्येही भरपूर आहेत, त्यामुळे तुमच्याकडून तो राहिला तर जावयांनी फार हसू नये.

भूतकाळात मात्र हे क्रियापद खरोखरच गंमत करते. समजा, तुम्ही ल्योंला गेलात आणि मुलगी तुम्हाला घ्यायला पार-दिय रेल्वे स्थानकावर आली. त्या स्थानकाला व्हिव्हिए-मेर्ल आणि व्हीलेत अशा दोन बाजू आहेत. तुम्ही बॅगा घेऊन एका बाजूला उभ्या राहिलात, ती दुसऱ्या बाजूला वाट पाहत राहिली आणि शेवटी तुम्ही टॅक्सी करून घरी पोहोचलात. घरी आल्यावर ती म्हणेल, ‘ज ते मांके’, म्हणजे आपली चुकामूक झाली, तू मला सापडली नाहीस. तेवढ्यात नात धावत येऊन विचारेल, ‘ज ते मांके?’ तिचा अर्थ मात्र ‘तुला माझी आठवण आली का?’ असा असेल. दोन्ही वाक्ये कानाला एकच. फरक असा की, मुलीच्या वाक्यात ‘तुला’ हे थेट कर्म आहे, कारण तिने तुम्हाला गाठायचे होते आणि ते हुकले. नातीच्या वाक्यात ‘तुला’ म्हणजे ‘तुझ्या मनाला’, तेथे ‘आ’ लपलेला आहे. कागदावर हा फरक डोळ्यांना दिसतो. थेट कर्म क्रियापदाच्या आधी आले आणि ते स्त्रीलिंगी असले, तर कृदंताच्या शेवटी एक जादा ‘ई’ लिहावा लागतो. मुलीने ते वाक्य लिहून पाठवले तर तुम्ही बाईमाणूस असल्यामुळे त्यात तो ‘ई’ असेल. नातीच्या वाक्यात तो कधीच येणार नाही. आणि ‘आमची चुकामूक झाली’ या आपल्या नेटक्या वाक्याला फ्रेंचमध्ये तितकेच नेटके ‘नू नू सोम मांके’ आहे. येथे मराठी आणि फ्रेंच यांचे सहज जुळते.

आता एकाच शब्दाला इतके अर्थ कसे, हा तुमचा प्रश्न. ‘मांके’ हा शब्द फ्रेंचमध्ये इटालियन ‘मांकारे’ या क्रियापदावरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मांकुस’ हे विशेषण आहे, ज्याचा अर्थ हाताने अधू, लुळा असा होता. अवयवाचे उणेपण हा मूळ भाव धरला की बाकीचे अर्थ फार दूरचे राहत नाहीत. जे असायला हवे ते नाही, किंवा जे घडायला हवे ते घडले नाही, हे या सर्वांतले समान सूत्र आहे. मराठीत हेच काम ‘कमी असणे’ आणि ‘चुकणे’ ही दोन क्रियापदे वाटून घेतात. आपला ‘चुकणे’ तरी कुठे एका अर्थाचा आहे? गणित चुकते, वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते आणि मरण काही कोणाला चुकत नाही. परकी भाषा शिकणाऱ्याने आपला शब्दकोश उघडला तर तोही आपल्याला हाच प्रश्न विचारेल.

अर्थ ओळखण्याची किल्ली क्रियापदात नसून त्याच्या पुढे काय येते त्यात आहे. ‘द’ हे अव्यय आणि मग नाम आले तर ‘कमी असणे’. ‘ला सूप मांक द सेल’ म्हणजे सूपला मीठ कमी आहे. ‘ज मांक द तां’ म्हणजे मला वेळ पुरत नाही. येथे एक गोष्ट शिकणारे नेहमी विसरतात: या ‘द’नंतर नामाला उपपद, म्हणजे ‘ल’, ‘ला’ असा नामाआधीचा छोटा शब्द, लागत नाही. ‘मीठ’ या नामाआधी एरवी जे काही लावता, ते येथे गाळायचे. माझे सर्वांत आवडते वाक्य याच रचनेतले आहे: ‘ज न मांक द रियां.’ मला काही कमी नाही. मुलीने फोनवर खुशाली विचारली तर हे एक वाक्य सांगून ठेवा, जावयांनाही मग पुढचे विचारावे लागणार नाही.

पुढे वस्तू आणि आधी नाममात्र कर्ता ‘ईल’ आला तर मोजणीतली तूट. ‘ईल मांक त्र्वा शेझ’ म्हणजे तीन खुर्च्या कमी आहेत. ‘ईल मांक अं बूतों आ सेत शमीझ’ म्हणजे या शर्टाला एक बटण नाही. ‘ईल’ म्हणजे एरवी ‘तो’, पण हा ‘ईल’ कोणी पुरुष नव्हे, ‘पाऊस पडतो’ म्हणताना फ्रेंच लोक जो ‘ईल’ वापरतात तोच हा. त्यामुळे खुर्च्या कितीही कमी असल्या तरी क्रियापद एकवचनीच राहते.

थेट कर्म आले तर हुकणे. ‘जे मांके ल त्रां’, म्हणजे माझी गाडी चुकली. गंमत अशी की, येथे मराठीत गाडी कर्ता असते आणि फ्रेंचमध्ये प्रवासी. म्हणजे उणिवेच्या वाक्यात जी जुळणी होती ती येथे तुटते, हे ध्यानात ठेवावे लागेल. शिवाय फ्रान्समध्ये रोजच्या बोलण्यात गाडी चुकल्यावर लोक बहुधा ‘राते’ हे क्रियापद वापरतात, त्याहून सैल बोलण्यात ‘लूपे’. त्या अर्थाने ‘मांके’ थोडे ठेवणीतले वाटते. कॅनडातील केबेक प्रांतात मात्र बस चुकल्यावरही ‘मांके’ सर्रास ऐकू येते. तुम्हाला ल्योंमध्ये बोलायचे आहे, तेव्हा गाडीसाठी ‘राते’ आणि नातीसाठी ‘मांके’ अशी वाटणी करून टाका. नातीसाठी चुकूनही ‘राते’ नको, कारण त्यात फक्त हुकणे आहे, माया नाही.

शब्द, वचन, कर्तव्य अशा गोष्टींआधी ‘आ’ येतो आणि अर्थ होतो कर्तव्याला चुकणे, दिल्या शब्दाला न जागणे. यात तुम्हाला कानावर पडेल असे एकच वाक्य आहे: ‘ईल मा मांके द रेस्पे’, म्हणजे त्याने माझा मान ठेवला नाही. या एका वाक्यात ‘मला’ही आहे आणि ‘द’ही आहे: माझ्या बाबतीत त्याला मानाची उणीव पडली. हे लक्षात आले की वरचे दोन नियम एकत्र कसे नांदतात ते कळते. पडता पडता वाचणे हा जो अर्थ तुम्ही शब्दकोशात पाहिला तो खरा असला तरी आज तो पुस्तकी आहे. बोलताना लोक ‘जे फायी तोंबे’ म्हणतात, म्हणजे त्यासाठी वेगळेच क्रियापद आहे. हा अर्थ वाचताना ओळखता आला म्हणजे पुरे, बोलण्यासाठी पाठ करू नका. नकारार्थी रूप मात्र सभ्य पत्रांत भेटते: ‘न मांके पा द नूझ एक्रीर’, म्हणजे आम्हाला लिहायला चुकू नका. हे तर शब्दशः मराठीच झाले.

एक वाक्प्रयोग केवळ कौतुकापोटी सांगतो. पाहुणे दारात आलेले, गॅस संपलेला आणि तेवढ्यात वीज गेली की आपण कपाळाला हात लावून म्हणतो, ‘आता एवढेच राहिले होते!’ फ्रेंच गृहिणी त्याच क्षणी, त्याच सुरात म्हणते, ‘ईल न मांके प्ल्यू क सा!’ म्हणजे कमी होते ते एवढेच. तुमच्या मुलीच्या तोंडून हे कधी ना कधी ऐकायला मिळेलच. ते ऐकू आले की आपल्या मराठीतल्या त्याच सुराची आठवण करून पाहा. येथे ‘मांके’चा शेवटचा स्वर किंचित मोकळा, ‘मांकॅ’कडे झुकणारा आहे, कारण ते अपूर्ण भूतकाळाचे रूप आहे.

सरावासाठी माझी सूचना साधी आहे. पंधरा दिवस ‘मिस’ हा शब्द मराठी बोलण्यातूनही बंद करून पाहा. ‘मी तुला मिस करते’ ऐवजी ‘तुझ्यावाचून करमत नाही’, ‘तुझी उणीव भासते’ असे म्हणा. मुलीला निरोप पाठवतानाही हेच पाळा. फ्रेंच वाक्याआधी असे मराठी वाक्य मनात आले, तर ‘त्यू’ आपोआप पुढे येईल आणि उलटसुलट पाठांतराची वेळ येणार नाही. गाडी, खुर्च्या आणि मीठ यांची वाक्ये तुमच्याच स्वयंपाकघरातून आणि प्रवासातून उचला. आमटीला मीठ कमी पडले की त्याच क्षणी मनात ‘मांक द सेल’ म्हणा. व्याकरणाच्या वहीत १० वेळा लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

आणि तुमच्या त्या निरोपाबद्दल. ‘ज त मांक’ हे वाक्य अशुद्ध नव्हते, त्याला फक्त प्रश्नचिन्ह हवे होते. पुढच्या वेळी फोनवर सूर थोडा चढवून, हवे तर आधी ‘एस क’ जोडून, नातीला तेच विचारा: ‘एस क ज त मांक?’ तुला माझी आठवण येते का? साडेचार वर्षांच्या मुलीला याचे उत्तर देण्यासाठी कोणतेही व्याकरण लागत नाही. ती जे म्हणेल ते नीट ऐका, ‘वी, त्यू म मांक, मामी’, आणि तेच तिला परत म्हणा, फक्त शेवटच्या शब्दाच्या जागी तिचे नाव घालून.